नवाहो चांदीचे दागिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रँड कॅन्यन, मॉन्युमेंट व्हॅली, सांता फे पाहून आलेली आणि अ‍ॅरिझोना-न्यू मेक्सिकोत स्थायिक झालेली मराठी मंडळी चांदी आणि निळ्या खड्यांच्या या दागिन्यांबद्दल बरंच काही विचारत असतात. तेच तेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नवाहो म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातले मूळ रहिवासी. ते स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. त्यांचं राखीव क्षेत्र, म्हणजे नवाहो नेशन, अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७१,००० चौरस किलोमीटर आहे. महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडं कमी. राजधानी विंडो रॉक. स्वतःचा अध्यक्ष, स्वतःची कौन्सिल, स्वतःची न्यायालयं. नोंदणीकृत सदस्य सुमारे चार लाख.

दागिन्यांच्या संदर्भात एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चार पवित्र पर्वतांच्या मधला प्रदेश ही दिने लोकांची मायभूमी आणि प्रत्येक पर्वताचं स्वतःचं रत्न आहे. पूर्वेच्या ब्लांका शिखराचा पांढरा शंख, दक्षिणेच्या माउंट टेलरचा फिरोजा (या दागिन्यांतला निळा खडा तो हाच), पश्चिमेच्या सॅन फ्रान्सिस्को शिखरांचा अ‍ॅबलोनी शिंपला आणि उत्तरेच्या हेस्पेरस पर्वताचा जेट, म्हणजे कोळशासारखा काळा दगड. चांदी या यादीत नाही. ती फार उशिरा आली.

२. मग चांदीकाम ते कधी आणि कुणाकडून शिकले?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, मेक्सिकन कारागिरांकडून. पहिला नवाहो चांदीकारागीर म्हणून आत्सिदी सानी याचं नाव घेतलं जातं. नावाचा अर्थच ‘म्हातारा लोहार’. त्याने आधी एका मेक्सिकन लोहाराकडून लोखंडकाम शिकून घेतलं, कारण लगामाच्या कड्यांना गिऱ्हाईक होतं. चांदी नंतर आली.

मध्ये एक भीषण पर्व आहे. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने नवाहोंची शेतं आणि पीचच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि हजारो माणसांना शेकडो किलोमीटर चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो इथल्या छावणीत नेऊन कोंडलं. या फरपटीला ‘लाँग वॉक’ म्हणतात. उपासमार आणि रोगराईत खूप माणसं गेली. १ जून १८६८ च्या तहानंतर वाचलेले लोक आपल्या भूमीत परतले. बहुतेक पराभूत जमातींच्या वाट्याला असं आपल्या भूमीत परतणं आलं नाही. चांदीकाम घरोघर पसरलं ते या परतीनंतर. आत्सिदी सानीने आपल्या मुलांना शिकवलं, त्यांनी इतरांना. दुकानात मांडलेला दागिना बघताना मला हा इतिहास नेहमी आठवतो. मेंढ्या गेल्या होत्या, घरं गेली होती, आणि त्याच पिढीने ही कला उभी केली.

३. चांदी कुठून यायची? त्यांच्याकडे खाणी होत्या का?

नव्हत्या. सुरुवातीची चांदी म्हणजे नाणी. अमेरिकन डॉलर मुशीत वितळवायचे, लगड ओतायची आणि ठोकून पत्रा करायचा. १८९० च्या सुमारास अमेरिकन नाणी मोडण्याविरुद्ध कायद्याची सक्ती झाली तेव्हा कारागीर मेक्सिकन पेसोंकडे वळले. १९३० मध्ये मेक्सिकोने पेसोंची निर्यात थांबवल्यावर व्यापाऱ्यांकडून तयार स्टर्लिंग चांदीच्या चकत्या आणि पत्रे येऊ लागले.

जुन्या दागिन्याची शुद्धता यावरून कळते. अमेरिकन नाण्यांत ९० टक्के चांदी असे, मेक्सिकन पेसोत किंचित जास्त, स्टर्लिंगमध्ये ९२.५ टक्के. म्हणजे जुना अस्सल दागिना स्टर्लिंगच्या कसोटीला थोडा कमी उतरला तर तो हिणकस ठरत नाही, उलट त्याच्या वयाशी ते जुळतं.

४. निळा खडा पहिल्यापासूनच चांदीत बसवत होते का?

नाही. सुरुवातीचं काम निव्वळ चांदीचं होतं. चांदीत फिरोजा बसवण्याचं श्रेय आत्सिदी चोन या कारागिराला देतात. काळ साधारण १८८० च्या आसपासचा. फिरोजा मात्र त्या भूमीत फार जुना. शेकडो वर्षांपूर्वीच्या पुएब्लो वस्त्यांमध्येही फिरोजाचे मणी सापडले आहेत. पावसाशी आणि आभाळाशी त्याचं नातं मानतात. कोरड्या वाळवंटात या दोन गोष्टींचं मोल वेगळं सांगायला नको.

५. दागिना हाताने घडवतात म्हणजे नेमकं काय करतात?

दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली ठोकण्याची. चांदीची लगड ऐरणीवर ठोकायची, मध्ये मध्ये तापवून मऊ करायची, नाहीतर तडे जातात. मग पोलादी ठशांनी नक्षी उठवायची. हे ठसे कारागीर स्वतःच बनवत, जुन्या कानशी किंवा लोखंडाचा मिळेल तो तुकडा घासून. सुरुवातीचे नमुने मेक्सिकन चामडेकामाच्या ठशांवरून आले, म्हणून काही जुन्या कड्यांवरची वेलबुट्टी खोगिरावरच्या नक्षीसारखी दिसते. ठसा एका घावात बसावा लागतो. दुसऱ्यांदा मारला की दुहेरी ओळ उमटते. खड्यासाठी पातळ पट्टीचं कोंदण करून त्याला डाख लावतात, खडा बसवतात आणि पट्टीची कड आत दाबतात. ही कड बहुधा करवतीसारखी दातेरी असते.

दुसरी पद्धत ओतकामाची. टफा नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडाच्या दोन सपाट फाका घ्यायच्या. एकीत सुरीने नक्षी उलटी कोरायची, हवा निघायला बारीक चऱ्या पाडायच्या, पृष्ठभागावर धुराची काजळी धरायची, फाका बांधायच्या आणि वरून वितळलेली चांदी ओतायची. बाहेर आलेल्या तुकड्याला कानस लावून घासत बसावं लागतं. दगडाचा बारीक रवाळ पोत चांदीवर उतरतो. चांगले कारागीर तो मागच्या बाजूला मुद्दाम राखतात.

१८८० च्या सुमारास फोर्ट विंगेटला असलेले लष्करी डॉक्टर वॉशिंग्टन मॅथ्यूज यांनी नवाहो सोनारांचं काम समोर बसून पाहिलं आणि लिहून ठेवलं. बकऱ्याच्या कातड्याचा भाता, घरचा कोळसा, हाताने केलेल्या मुशी. एवढ्याशा अवजारांवर इतकं नेमकं काम होतं याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतं.

६. मुख्य दागिने कोणते?

कडं सगळ्यात ओळखीचं, मनगटाला पूर्ण वेढा न घालता मध्ये फट ठेवणारं. त्याखेरीज अंगठ्या, पोकळ मण्यांच्या माळा आणि काँचो पट्टा. काँचो पट्टा म्हणजे चामड्याच्या पट्ट्यात ओवलेल्या मोठ्या लंबगोल चांदीच्या चकत्या. सर्वांत जुन्या चकत्यांना मधोमध पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची भोकं असतात, कारण तेव्हा डाख देणं नीट जमत नव्हतं आणि चामडं भोकातूनच ओवावं लागे. पुढे मागे तांब्याची कडी झाळता येऊ लागली आणि मधली जागा नक्षीला मोकळी झाली. जुनेपणा ओळखायला ही खूण कामाची आहे.

‘केतोह’ हा पुरुषांचा. धनुष्याची दोरी मनगटावर आपटू नये म्हणून बांधायच्या चामडी पट्ट्यावर चांदीचं ओतीव काम करतात. धनुष्य गेलं, दागिना राहिला.

आणि प्रसिद्ध ‘स्क्वॉश ब्लॉसम’ हार. नाव भोपळ्याच्या फुलाचं असलं तरी ते मणी स्पॅनिश-मेक्सिकन पोशाखावरच्या डाळिंबाच्या आकाराच्या बटणांवरून आले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. नवाहो भाषेतल्या नावात भोपळाही नाही आणि डाळिंबही नाही, ‘पसरत जाणारा मणी’ एवढंच आहे.

७. हाराच्या तळाशी चंद्रकोर असते. आपल्या चंद्रकोरीशी तिचा काही संबंध?

नाही. तिला ‘नाजा’ म्हणतात. हा आकार उत्तर आफ्रिकेतल्या मूर लोकांकडून स्पेनमध्ये गेला. घोड्याला दृष्ट लागू नये म्हणून लगामाच्या कपाळपट्टीवर तो लावायचे. स्पॅनिश स्वारांबरोबर तो मेक्सिकोत आला आणि तिथून नवाहोंकडे. नवाहोंनीही आधी घोड्याच्याच लगामावर लावला, मग गळ्यात घेतला.

८. एका जुन्या कड्यावर चक्क स्वस्तिक आहे. हे कसं?

हा प्रश्न मराठी घरांतून हमखास येतो. उत्तर थोडं लांब आहे.

नवाहो परंपरेत ही खूण ‘फिरते ओंडके’ म्हणून ओळखली जाते. कथेतला नायक पोकळ ओंडक्यात बसून सॅन हुआन नदीतून प्रवासाला निघतो. पुढे त्याला पाण्यावर गरगर फिरणारा ओंडक्यांचा क्रूस दिसतो, त्यावर देवता बसलेल्या असतात. त्यांच्याकडून त्याला बियाणं आणि विद्या मिळते. उपचारविधींतल्या वालुकाचित्रांत ही खूण काढतात. शुभ आणि आरोग्यदायी असा तिचा भाव. आपल्या स्वस्तिकाशी ऐतिहासिक नातं नाही, भाव जवळचा आहे.

१८९० ते १९३० च्या दरम्यान व्यापाऱ्यांना ही खूण फार विकाऊ वाटली. तेव्हा अमेरिकेतही ती ‘गुड लक’ म्हणून लोकप्रिय होती. त्यामुळे त्या काळातल्या चमच्यांवर, कड्यांवर, गालिच्यांवर ती दिसते. पुढे जर्मनीत नाझींनी ती बळकावली. फेब्रुवारी १९४० मध्ये नवाहो, होपी, अपाची आणि पापागो या चार जमातींच्या प्रतिनिधींनी अ‍ॅरिझोनात जाहीर पत्रकावर सह्या करून ही खूण आपल्या विणकामात आणि कलाकामात वापरणं सोडलं. स्वतःचं पवित्र चिन्ह दुसऱ्याच्या पापामुळे सोडावं लागणं केवढं दुःखाचं असेल, हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

तुमचं कडं बहुधा १९४० च्या आधीचं आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण अमेरिकेत किंवा युरोपात चारचौघांत घालण्याआधी विचार करा, समोरच्याला ही कथा माहीत नसते.

९. दुकानात तक्ता मिळाला: बाण म्हणजे रक्षण, सूर्य म्हणजे सुख. खरं आहे का?

असे तक्ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पर्यटनाच्या धंद्यासाठी तयार झाले. १८९९ च्या सुमारास फ्रेड हार्वी कंपनीने रेल्वेच्या प्रवाशांसाठी हलके, स्वस्त, ‘इंडियन दिसणारे’ दागिने घडवून घ्यायला सुरुवात केली. बाण, गरुड, पिसं यांची गर्दी त्यातूनच वाढली. पुष्कळ ठसे कारागिराने केवळ सुंदर दिसतात म्हणून वापरलेले असतात. अर्थ जाणून घ्यायचाच असेल तर घडवणाऱ्याला विचारा. तो ‘मला आवडलं म्हणून’ असं म्हणाला तर तेच खरं उत्तर.

१०. हे दागिने धार्मिक आहेत का? कोण घालतं?

चांदी स्वतः पवित्र नाही, फिरोजाला मात्र पवित्र स्थान आहे (प्रश्न १ आणि ४). पुरुष आणि बायका दोघंही घालतात, आणि भरपूर घालतात. मुलगी वयात आली की ‘किनाल्दा’ हा विधी होतो. त्यात तिला चांदी आणि फिरोजाने मढवतात. घरातल्या मोठ्या बायका आपले दागिने तिच्या अंगावर घालतात. लग्नात, विधींना, जत्रेत, शाळेच्या पदवीदानालाही दागिने बाहेर निघतात. ही रोजची, जिवंत परंपरा आहे. संग्रहालयातल्या कपाटापुरती ती उरलेली नाही.

११. ‘ओल्ड पॉन’ म्हणजे काय?

पॉन म्हणजे गहाण. राखीव क्षेत्रात बँका नव्हत्या, रोकड दुर्मीळ होती. व्यवहार चालायचे ते ‘ट्रेडिंग पोस्ट’वर. गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट यांतलं सर्वांत नावाजलेलं, १८७८ पासूनचं. आज ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. नवाहो कुटुंब लोकर किंवा कोकरं विकली जाईपर्यंत काँचो पट्टा किंवा हार गहाण ठेवून पीठ, कॉफी, साखर, कापड नेई आणि माल विकला की सोडवून घेई. आपल्याकडे पेरणीला पाटल्या सावकाराकडे जायच्या आणि सुगीला परत यायच्या, तसंच हे. विधी असला तर चांगले व्यापारी गहाण वस्तू दोन दिवस परत देत आणि ती पुन्हा आणून दिली जाई. मुदतीत न सोडवलेल्या वस्तूला ‘डेड पॉन’ म्हणत आणि ती विकायला निघे.

या वस्तू कुटुंबाने स्वतःसाठी घडवून घेतलेल्या असत. म्हणून त्या वजनदार आणि देखण्या, आणि म्हणूनच संग्राहकांना हव्या असतात. मात्र काही व्यापाऱ्यांनी लोकांच्या अडचणीचा फायदाही घेतला. १९७० च्या दशकात सरकारी चौकशी होऊन कडक नियम आले आणि राखीव क्षेत्रातला गहाणाचा धंदा जवळजवळ बंद झाला. तो हद्दीबाहेरच्या गॅलप शहरात गेला. तिथे आजही चालतो.

आज ‘ओल्ड पॉन’ ही चिठ्ठी कशालाही लावतात. मूळ गहाणाची पावती सोबत नसेल तर त्या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

१२. झुनी आणि होपी दागिने वेगळे कसे ओळखायचे?

झुनी आणि होपी या नवाहोंच्या शेजारच्या जमाती. ढोबळ मानाने नवाहो कामात चांदी बोलते: जाड पत्रा, ठसे, एखादा मोठा खडा. झुनी कामात खडा बोलतो: सुईच्या टोकाएवढे बारीक खडे रांगेत बसवलेले, किंवा शिंपला, पोवळं, जेट आणि फिरोजा एकमेकांना भिडवून केलेलं जडावकाम. होपी कामात दोन पत्रे असतात. वरच्यातून नक्षी कापून काढतात, खालचा काळा करतात आणि दोन्ही झाळून एक करतात. होपींची ही शैली दुसऱ्या महायुद्धानंतर, परत आलेल्या सैनिकांच्या प्रशिक्षणवर्गांतून रुजली.

नाती मात्र गुंतलेली आहेत. झुनी कारागीर लान्यादे हा आत्सिदी चोनकडूनच शिकला, आणि होपींकडे ही विद्या झुनींकडून गेली. आज एखादा नवाहो कारागीर उत्तम जडावकाम करतो. म्हणून शैलीवरून फक्त अंदाज बांधा, खात्री नावावरून करा.

१३. आपल्याकडे चांदी वजनावर मिळते. इथे चाळीस ग्रॅमच्या कड्याला एवढी किंमत कशी?

कारण इथे किंमत घडणावळीची, खड्याची आणि नावाची असते. चांदीचा भाव हा त्यातला छोटा भाग. ‘मोड किती येईल?’ असं विचारलंत तर उत्तर निराशाजनकच येणार. नाव असलेल्या कारागिराचं कडं वितळवण्यासाठी विकणं म्हणजे चित्र कॅनव्हासच्या भावात देणं.

किंमत कशाने वाढते? ठसे खोल आणि एकसारखे आहेत का, कोंदणाची पट्टी खड्याला सगळीकडे सारखी भिडली आहे का, मागची बाजू साफ आहे का, खडा नैसर्गिक आहे का आणि कोणत्या खाणीचा (प्रश्न १७). मागची बाजू नक्की बघा. घाईने केलेलं काम तिथेच उघडं पडतं.

१४. अस्सल कसं ओळखायचं?

आधी विकणाऱ्याला सरळ विचारा: कुणी घडवलं, ती व्यक्ती कोणत्या जमातीची, खडा कसला, चांदी कोणती? आणि हे सगळं पावतीवर लिहून मागा. प्रामाणिक विक्रेता आनंदाने लिहून देतो. ‘नवाहो स्टाइल’, ‘साउथवेस्टर्न’, ‘इंडियन डिझाइन’ हे शब्द दिसले की समजा, नवाहो माणसाने घडवल्याचा दावा तिथे केलेलाच नाही.

मग वस्तू बघा. साच्यातून काढलेल्या नकलेत ठशांच्या कडा बोथट असतात आणि दोन कडी ठिपक्याठिपक्याला सारखी निघतात. हाताच्या ठशात अंतर किंचित कमीजास्त होतं, कडा धारदार असतात. ‘जर्मन सिल्व्हर’ किंवा ‘निकेल सिल्व्हर’मध्ये चांदी अजिबात नसते. सुई तापवून खड्याला टोचण्याचा सल्ला इंटरनेटवर मिळेल. तो ऐकू नका, चांगला खडा कायमचा डागाळेल.

१५. मागे नाव किंवा शिक्का नाही. म्हणजे नकली?

तसं नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बहुतेक दागिने निनावी आहेत. नावाचा ठसा मारण्याची पद्धत सर्वदूर झाली ती १९७० च्या दशकातल्या मोठ्या मागणीच्या काळात. उलट, १८८० चा म्हणून विकल्या जाणाऱ्या दागिन्यावर ‘स्टर्लिंग’ असा शिक्का असेल तर सावध व्हा. तसंच शिक्का आहे म्हणून खरं असंही नाही, प्रसिद्ध नावांचे खोटे ठसेही मारले जातात.

१९३८ पासून काही वर्षं सरकारी मंडळाने ‘यू. एस. नवाहो’ असा शिक्का दिला होता. नियम कडक असल्याने तो थोड्याच वस्तूंवर लागला. तो असलेला दागिना मिळाला तर जपा.

१६. कायदा काय सांगतो? जयपूरला बनलेलं कडं, चिनी फिरोजा, अर्धा नवाहो कारागीर: यांचं काय?

१९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार मूळ रहिवाशांनी न केलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं गुन्हा आहे. व्यक्तीच्या पहिल्याच गुन्ह्याला कमाल शिक्षा अडीच लाख डॉलर दंड आणि पाच वर्षं कैद. फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने मूळ रहिवाशांचे म्हणून विकल्याबद्दल न्यू मेक्सिकोतल्या एका व्यापाऱ्याला २०१८ मध्ये सहा महिन्यांची कैद झाली.

आता अपवाद. जयपूरच्या कारखान्यात घडलेलं त्या धाटणीचं कडं ‘भारतीय कारखान्यात बनलेलं’ असं सांगून विकलं तर गुन्हा नाही. पण ‘इंडियन’ या शब्दाचा आडोसा घेऊन विकलं तर फसवणूक, आणि आपल्या लोकांनी तरी हे करू नये. नवाहो कारागिराने चिनी फिरोजा बसवला तरी दागिना नवाहोच. फक्त खड्याबद्दल खोटं बोलता येत नाही. वंशाबाबत कायदा रक्ताचा अंदाज बांधत बसत नाही. ती व्यक्ती मान्यताप्राप्त जमातीची सदस्य आहे का, किंवा जमातीने तिला कारागीर म्हणून प्रमाणित केलं आहे का, एवढंच बघतो. आणि कायदा लागू होतो तो १९३५ नंतर घडलेल्या वस्तूंना. त्याआधीच्या वस्तूंसाठी भरवशाचा जाणकार गाठा.

१७. फिरोजा ‘स्टॅबिलाइज्ड’ आहे म्हणजे खोटा का?

खोटा नाही, पक्का केलेला. पुष्कळसा फिरोजा खडूसारखा मऊ निघतो. त्यात दाबाने राळ मुरवली की तो कापता आणि घासता येतो. बाजारातला बहुतेक माल असाच. कुठलीही प्रक्रिया न करता पैलू देता येईल असा नैसर्गिक खडा थोडाच मिळतो आणि महाग असतो. भुकटी आणि राळ मिसळून थापलेला खडा त्याखालचा. रंगवलेला हाउलाइट किंवा मॅग्नेसाइट हा फिरोजाच नव्हे, आणि ‘ब्लॉक’ म्हणजे बहुधा निव्वळ प्लॅस्टिक.

खाणीचं नाव किंमत ठरवतं. अ‍ॅरिझोनाच्या स्लीपिंग ब्यूटीचा स्वच्छ आकाशी (ही खाण फिरोजासाठी २०१२ मध्ये बंद झाली), बिस्बीचा गडद निळा आणि चॉकलेटी शिरांचा, नेवाडाच्या लँडर ब्लूचा कोळ्याच्या जाळ्यासारख्या काळ्या रेषांचा. न्यू मेक्सिकोतली सेरिय्योस ही खाण तर स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासूनची.

१८. ज्योतिषाने फिरोजा सांगितला आहे. नवाहो अंगठी चालेल का?

ते तुमच्या ज्योतिषालाच विचारा. पण एक व्यावहारिक अडचण सांगतो. खडा बोटाला टेकावा असं आपल्याकडे सांगतात, आणि नवाहो कोंदण मागून चांदीच्या पत्र्याने बंद असतं. ते भोक पाडून उघडून घेऊ नका, दागिन्याची वाट लागेल. राशी-ग्रहांची आपली मांडणी दिने लोकांची नाही, तेव्हा ती त्यांच्या तोंडी घालू नये.

१९. हे आपल्याकडच्या ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांसारखंच ना?

दिसायला थोडं, आत वेगळं. आपल्याकडे त्या नावाने विकले जाणारे बहुतेक दागिने दुसऱ्या धातूचे असतात. इथे चांदीच असते आणि खोलगट भागात गंधकाच्या रसायनाने काळेपणा आणलेला असतो, म्हणजे ठसे उठून दिसतात. म्हणून घरी आणल्याबरोबर चकाचक करू नका. चांदी उजळवण्याच्या द्रावणात बुडवलंत तर कारागिराने मुद्दाम ठेवलेला काळा रंग निघून जातो.

२०. घालायचं कसं आणि जपायचं कसं?

कडं ओढून उघडायचं नाही. मनगटाच्या बाजूला जिथे हाड कमी जाणवतं तिथून एक टोक सरकवायचं आणि कडं फिरवून वर आणायचं. बांगड्यांच्या सवयीने हातावरून ढकलू नका. सारखं दाबलं-ताणलं की चांदी तिथेच मोडते आणि खडा सुटतो. विकत घेताना आतला घेर आणि फट दोन्ही मोजा. फट साधारण अडीच सेंटिमीटर असते.

फिरोजा सच्छिद्र असतो. तेल, अत्तर, साबण, घाम आत मुरतो आणि निळा रंग हिरवट होतो. अभ्यंगाला, भांडी घासताना, पोहताना काढून ठेवा. पाण्यात भिजवणं टाळण्याचं आणखी एक कारण आहे. जुन्या कोंदणांत खड्याखाली लाकडाचा भुसा भरलेला असतो. तो ओला झाला की फुगतो आणि खडा वर ढकलतो. मऊ कोरड्या फडक्याने पुसणं पुरेसं.

२१. कुठून घ्यावं? घासाघीस चालते का?

विंडो रॉकची नवाहो आर्ट्स अँड क्राफ्ट्स एंटरप्राइझ ही जमातीची स्वतःची संस्था, १९४१ पासूनची. सांता फेच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीवर रोज मूळ रहिवासी कारागीर बसतात. माल स्वतःचा किंवा घरच्यांचा असला पाहिजे असा तिथला नियम आहे. सांता फेचा इंडियन मार्केट १९२२ पासून भरतो, हल्ली ऑगस्टमध्ये. ग्रँड कॅन्यनच्या वाटेवरच्या टपऱ्यांवरही खरी कारागीर माणसं भेटतात, पण प्रश्न १४ मधली विचारपूस तिथेही करा.

घासाघिशीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दुकानदाराशी करायची तर करा. घडवणाऱ्या माणसाशी नको. दोन-तीन वस्तू घेताना नम्रपणे विचारलंत तर ते आपणहून काही कमी करतात. आणि परवानगीशिवाय फोटो काढू नका.

२२. आपण परक्यांनी हे घालणं त्यांना आवडतं का?

हे दागिने दीडशे वर्षं बाहेरच्यांना विकले जात आहेत आणि हजारो कुटुंबांची चूल त्यावर पेटते. अस्सल वस्तू कारागिराकडून घेऊन घातलीत तर त्यात कुणाचा अवमान नाही. नकला घेतल्या की मात्र त्यांच्या पोटावर पाय येतो.

२३. आजचे कारागीर जुन्याच नमुन्यांत काम करतात का?

मुळीच नाही. केनेथ बेगे (१९१३–१९७७) यांना आधुनिक नवाहो चांदीकामाचे जनक म्हणतात. त्यांच्या साध्या, गुळगुळीत, लाकूडही वापरणाऱ्या कामाने वाट बदलली, आणि नंतर नवाहो कम्युनिटी कॉलेजात शिकवून त्यांनी पुढची पिढी तयार केली. अँब्रोझ रोनहॉर्स यांनी सांता फे इंडियन स्कूलमध्ये नेमकं उलट केलं: पर्यटकी भडकपणा बाजूला सारून विद्यार्थ्यांना जुन्या ठोकीव कामाकडे परत नेलं. सुरुवातीला हे काम पुरुषांचं होतं, आज बायकाही मोठ्या संख्येने करतात. सोनं आणि हिरे वापरणारेही आहेत, आणि तेही तितकेच नवाहो.

२४. सासूबाईंच्या जुन्या कड्यातला खडा निखळला. इथल्या सोनाराकडून दुसरा बसवून घेतला तर?

मूळ खडा असेल तर तोच परत बसवून घ्या, तडकलेला असला तरी. तो नसेल तर गॅलप किंवा सांता फेकडच्या नवाहो कारागिराकडे पाठवा. असं काम घेणारी दुकानं तिथे आहेत. पुण्या-मुंबईच्या सोनाराकडे द्यायचंच असेल तर दोन गोष्टी बजावून सांगा: खडा आत असताना ज्योत लावायची नाही आणि कड्याला पॉलिश मारायचं नाही. दुरुस्तीने दागिना नवाहो असण्याला बाध येत नाही, पण पुढे कधी विकलंत तर खडा बदलल्याचं घेणाऱ्याला सांगायला हवं. निघालेला खडा, त्याचे तुकडे आणि सोबत काही कागद असतील तर सगळं एका डबीत कड्याबरोबरच ठेवा.